सलाम फेरल्यानंतर



या व्यासपीठावर धर्माविषयी बोलायला उभा राहणारा माणूस सहसा मोठा विषय घेऊन येतो. धर्म आणि राज्यसंस्था, धर्म आणि सुधारणा, असे काहीतरी. मी जाणूनबुजून लहान विषय निवडला आहे. मशिदीत जमातीने फर्ज नमाज झाली, इमामाने आधी उजव्या आणि मग डाव्या खांद्याकडे मान वळवून सलाम फेरला, की त्यानंतरची तीन-चार मिनिटे. इमाम दोन्ही हात उचलतो, मोठ्याने दुआ मागतो, मागच्या रांगांतून आमीन उमटते, शेवटी सगळे तळहात चेहऱ्यावरून फिरवतात आणि उठतात. या एवढ्याशा वेळावर शतकानुशतके ग्रंथ लिहिले गेले आहेत, आणि अजूनही एखाद्या गावात जुम्म्यानंतर आवाज चढतात ते पुष्कळदा यावरूनच.

सभागृहात नमाज न पढणारेही बरेच आहेत, म्हणून थोडे मुळापासून सांगतो. दिवसभराच्या पाच नमाजांत फर्ज, म्हणजे अनिवार्य, रकाती (नमाजेची आवर्तने) एकूण 17. फजरला दोन, जोहरला चार, असरला चार, मगरिबला तीन, इशाला चार. याबाबत वाद नाही. शिया-सुन्नी भेददेखील इथे नाही. कधी उभे राहायचे, कधी झुकायचे, कधी कपाळ टेकायचे हे सगळे ठरलेले आहे, आणि पठण अरबीतच. सलाम फेरला की ही चौकट संपते. मग माणूस बोलू शकतो, हलू शकतो, कोणत्याही भाषेत काहीही मागू शकतो. दुआ म्हणजे हे मागणे. भांडण सुरू होते ते नेमके चौकट संपते तिथून.

प्रथा किती वेगळाल्या आहेत पाहा. आपल्याकडच्या बहुतेक मशिदींत इमामाची दुआ आणि लोकांची आमीन हे नमाजेचे शेपूटच समजले जाते. तुर्कस्तानात सलामनंतर सूत्रे अजान देणाऱ्या मुअज्जिनच्या हाती जातात. तो आवाज देतो आणि मशीद 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 33 वेळा अल्लाहु अकबर म्हणते, मग दुआ होते. इंडोनेशियात नहदतुल उलमा या 1926 साली स्थापन झालेल्या संघटनेच्या मशिदींत जिक्र, म्हणजे अल्लाहचे नामस्मरण, आणि दुआ मोठ्याने चालते. 1912 पासूनच्या मुहम्मदियाच्या मशिदींत जो तो मनातल्या मनात. आणि मक्केत हरमच्या इमामामागे नमाज पढणारा आपला हाजी पहिल्या दिवशी गोंधळतो. सलाम झाला, हात उचलून तो वाट पाहतो, आणि ध्वनिक्षेपकावरून दुआऐवजी जनाज्याच्या नमाजेची घोषणा येते. ज्या शहरातून हा धर्म निघाला तिथे ही प्रथा नाही, आणि माझ्या गावी मात्र ती सोडली तर लोक भुवया उंचावतात, असे कसे? हा प्रश्न घेऊन कितीतरी हाजी घरी परततात.

आपल्याच मशिदींत एक गोष्ट बारकाईने ऐकली तर लक्षात येते. फजर आणि असरची दुआ लांबते, जोहर, मगरिब आणि इशाची आखूड असते. यामागे हनफी पंथाच्या फिक्हचा, म्हणजे धर्मशास्त्राचा, हिशेब आहे. फजर आणि असरच्या फर्जनंतर सुन्नत, म्हणजे पैगंबरांच्या रिवाजातली फर्जपलीकडची, नमाज नाही, म्हणून इमाम निवांत लोकांकडे तोंड करून बसतो. बाकीच्या तीन वेळा सुन्नत बाकी असते, आणि फर्ज आणि सुन्नत यांत फार अंतर पडू नये असे शास्त्र सांगते. हिजरी सातव्या-आठव्या (इसवी तेराव्या-चौदाव्या) शतकापर्यंत शाफई आणि हंबली पंथांच्या पंडितांतही दुआ फक्त फजर आणि असरनंतर करावी म्हणणारे होते. इमाम नववी (मृत्यू 1277) यांना ते पटले नव्हते. जिक्र आणि दुआ पाचही नमाजांनंतर, इमामाने, मागच्यांनी आणि एकट्यानेही करावी, हे त्यांचे मत.

आता पुरावे. पैगंबर सलामनंतर तीनदा क्षमा मागत, शांतीची एक छोटी दुआ म्हणत, हे सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात आहे. नमाज संपल्यावर ते लोकांकडे तोंड करून बसत, हे बुखारींच्या संग्रहात आहे. लोक फर्ज संपवून उठत तेव्हा मोठ्याने जिक्र होत असे, असे इब्न अब्बास सांगतात, तेही बुखारीत. कोणती दुआ जास्त ऐकली जाते, या प्रश्नाला पैगंबरांनी रात्रीचा शेवटचा प्रहर आणि फर्ज नमाजांची अखेर असे उत्तर दिले, ही तिरमिजीतली हदीस. इथेच इब्न तैमिया (1263-1328) यांनी बोट ठेवले: अखेर म्हणजे सलामच्या आधीची बैठक की सलामनंतरचा वेळ? त्यांचा कौल सलामआधीच्या बाजूने. म्हणजे जमेच्या बाजूला दुआ आहे, जिक्र आहे, लोकांकडे वळून बसणे आहे. नाही ते फक्त एक चित्र: पैगंबर हात उचलून मोठ्याने मागत आहेत आणि मागची जमात रोज, पाचही वेळा, आमीन म्हणत आहे. सुटे भाग सगळे सापडतात. जोडणी सापडत नाही.

समर्थकांनी जोडणीसाठी कुराणातून एक सुंदर आधार काढला आहे. सूरह यूनुसमध्ये मूसा एकटेच फिरऔनविरुद्ध दुआ मागतात, पण उत्तर येते ते द्विवचनात: तुम्हा दोघांची दुआ स्वीकारली. दुसरे कोण? भाष्यकार म्हणतात, हारून. ते शेजारी आमीन म्हणत होते. आमीन म्हणणारा मागणाऱ्याइतकाच मागणारा असतो, हे यावरून निघते. मला हा युक्तिवाद फार आवडतो. मात्र त्याने सामुदायिक दुआ सिद्ध होते, रोजची सक्ती होत नाही.

विरोधाचा आवाज पहिल्यांदा जिथून ठळक ऐकू येतो ती जागा अनपेक्षित आहे. हा आक्षेप आजकाल 'वहाबी' म्हणून निकालात काढला जातो. वस्तुतः तो मालिकी पंथाचा आहे आणि मुहम्मद इब्न अब्दुल वहाब जन्मण्याच्या कित्येक शतके आधीचा आहे. कैरोचे मालिकी पंडित अल-कराफी (मृत्यू 1285) नोंदवतात की इमाम मालिक यांना मशिदीच्या इमामाने फर्जनंतर हजर लोकांसाठी मोठ्याने दुआ मागणे नापसंत होते. कारण कायद्याचे नाही, मनाचे आहे. हा माणूस आधीच लोकांच्या पुढे उभा राहून नमाज पढवतो. त्यावर आता देव आणि माणसे यांच्यातला मध्यस्थ म्हणून बसला, तर त्याच्या डोक्यात वारे शिरायला कितीसा वेळ लागणार? कराफी खलीफा उमर यांची एक कथा देतात. कुणा इमामाने त्यांच्याकडे नमाजेनंतर आपल्या लोकांसाठी दुआ मागण्याची परवानगी मागितली. उमर म्हणाले, नको. तू फुगत फुगत कृत्तिकांपर्यंत पोहोचशील अशी मला भीती वाटते. प्रथेची चिकित्सा करताना तिचा परिणाम ती चालवणाऱ्यावर काय होतो, हे किती थोडे लोक विचारतात!

हाच मालिकी धागा आपल्याला चौदाव्या शतकातल्या ग्रनाडाला नेतो. स्पेनमधले मुस्लिम राज्य तोवर दक्षिणेच्या एका पट्ट्यापुरते उरले होते. उत्तरेकडून कास्तीलचा दाब, आत नस्री घराण्याची कारस्थाने, आणि मध्ये अल्हम्ब्राचे ते अप्रतिम बांधकाम. 1349 मध्ये सुलतान पहिल्या यूसुफने शहरात मदरसा उभारला. तिथे शिकवणारे अबू सईद इब्न लुब्ब (मृत्यू 1381) हे ग्रनाडाचे सर्वमान्य मुफ्ती. त्यांच्या शिष्यांपैकी एक अबू इसहाक अल-शातिबी (मृत्यू 1388), ज्यांना आज आपण शरीअतच्या हेतूंचा सिद्धांत मांडणारे म्हणून ओळखतो. 'अल-मुवाफकात' हा त्यांचा मोठा ग्रंथ. दुसरा, अपुरा राहिलेला, 'अल-इतिसाम'. त्याचा विषयच बिदअत, म्हणजे धर्मात घुसलेली नवी भर.

या दुसऱ्या ग्रंथाच्या आरंभी शातिबी आपली कैफियत मांडतात. इमामपद आणि खुतब्याचे, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनाचे, काम आपल्याकडे आले तेव्हा काही गोष्टी आपण सोडून दिल्या, आणि त्या सोडण्यावरून लोकांनी काय काय बालंट घेतले याची ती यादी आहे. खुतब्यात पहिल्या खलीफांची नावे घेतली नाहीत, तर म्हणाले हा राफिजी, म्हणजे त्या खलीफांना न मानणारा. राज्यकर्त्यांचे नाव घेतले नाही, तर म्हणाले याला बंड मान्य आहे. आणि नमाजांनंतर जमातीसह दुआ मागण्याचा नेम पाळला नाही, तर म्हणाले याच्या मते दुआचा काही उपयोगच नाही! मित्रहो, या तिसऱ्या आरोपापाशी जरा थांबा. हा माणूस दुआ नाकारत नव्हता. तो एका ठराविक वेळी, ठराविक पद्धतीने, सगळ्यांनी मिळून केलेल्या दुआला नित्यनेम मानायला तयार नव्हता. पण शहराने ऐकले ते एवढेच: हा दुआच्या विरुद्ध आहे. आजच्या वादांत पक्ष बदलले असतील, ऐकण्याची पद्धत बदललेली नाही.

गुरू इब्न लुब्ब समोरच्या बाजूला होते. त्यांचे म्हणणे साधे आणि वजनदार होते. पैगंबरांनी एखादी गोष्ट केली नाही, एवढ्यावरून ती मना होत नाही. दुआ मुळात पुण्यकर्म, एकत्र येणे पुण्यकर्म, पुण्यकर्मात एकमेकांना साथ देणे ही कुराणाचीच आज्ञा. मग तिघांची बेरीज पाप कशी? शिवाय सामान्य माणसाला मागायचे काय हेच कळत नाही. तो भलतेच मागेल, चुकीच्या शब्दांत मागेल. इमामाचे ऐकून त्याला मागणे शिकता येते.

शातिबी या शेवटच्या मुद्द्याला जे उत्तर देतात ते मला वादाचा उत्तम नमुना वाटते. लोकांना दुआ शिकवण्याची सर्वात जास्त गरज केव्हा होती? पैगंबरांच्या काळात, जेव्हा सगळेच नवखे होते. आणि शिकवण्याचा सर्वात मोठा अधिकार कुणाचा होता? पैगंबरांचाच. गरज होती, अधिकारी होता, वेळ होता, तरी त्यांनी हे रोजचे केले नाही. मग जे कारण तेव्हा पुरेसे ठरले नाही, ते आज कसे ठरते? शातिबींनी यासाठी वर्गवारीच केली. काही बिदअती निखालस नव्या असतात. काहींचे मूळ शास्त्रात असते, पण वेळ, संख्या, रीत यांची बंधने मागाहून चढतात. सामुदायिक दुआ या दुसऱ्या वर्गातली. ती केल्याने बिघडत नाही. ती न करणारा दोषी दिसू लागतो, तेव्हा बिघडते.

आपल्या ओळखीच्या उदाहरणाने सांगायचे तर पूजेचे सोळा उपचार पोथीत असतात, पण घरातली पूजा पूर्ण झाली असे आपल्याला वाटते ते टाळ-घंटेसह आरती झाल्यावरच. पोथी काही म्हणो, आरतीवाचून उठणाऱ्याकडे सगळे घर बघते. शास्त्राद्रूढिर्बलीयसी हे आपण थोडे कौतुकाने म्हणतो. शातिबी नेमके तेच धोक्याची खूण म्हणून सांगत होते.

यात शातिबी एकटे नव्हते आणि त्यांचा आधारही जुना होता. पैगंबरांचे सहकारी (सहाबी) इब्न मसूद यांचे एक वचन बुखारीत आहे. नमाजेनंतर उजवीकडूनच वळले पाहिजे असे मानणे म्हणजे आपल्या नमाजेतला वाटा सैतानाला देणे होय, असा त्याचा आशय. त्यांनी स्वतः पैगंबरांना अनेकदा डावीकडून वळताना पाहिले होते. उजवी बाजू पवित्र मानणाऱ्या परंपरेतले हे वचन आहे, हे लक्षात घ्या.

ग्रनाडात जिंकले कोण? रूढी. शातिबींनंतर शतकभराने शहराचे मुफ्ती अल-मव्वाक यांनी लोकांच्या अशा रिवाजांची बाजू घेत लिहिले, आणि त्याच सुमारास, 1492 मध्ये, शहरच पडले. फेजमध्ये बसून अल-वन्शरीसी (मृत्यू 1508) यांनी अंदलुस आणि मगरिबच्या फतव्यांचा प्रचंड संग्रह केला. या वादाचे कागद त्यात आहेत. ज्या मशिदींत हा वाद झाला त्या तोवर चर्च होऊ लागल्या होत्या.

'अल-इतिसाम' त्यानंतर फारसा कुणाच्या हाती लागला नाही. 1913-14 च्या सुमारास कैरोला रशीद रिदा यांनी तो आपल्या 'अल-मनार' छापखान्यातून काढला, आणि ग्रनाडाचा हा हरलेला पक्ष एकाएकी विसाव्या शतकातल्या सुधारकांचा वकील झाला. 'अल-मनार' मासिकाचे वाचक दूरवर होते. त्रावणकोरातले वक्कम मौलवी (1873-1932) त्यांपैकीच. केरळात पुढे जे दोन तट पडले, 1926 ची परंपरावादी समस्त आणि 1950 ची सुधारणावादी नदवतुल मुजाहिदीन, त्यांच्या वादविषयांत 'कूट्टुप्रार्थना' म्हणजे ही सामुदायिक दुआ कायम राहिली. मलबारचे मुसलमान शाफई, आपल्या कोकणातलेही शाफई. अरबी समुद्राच्या व्यापाराने आलेला हा पंथ किनाऱ्याला धरून वसला; घाट चढला की हनफी प्रदेश लागतो.

उत्तर हिंदुस्थानात वादाची धार वेगळ्या जागी गेली. जमियत उलमा-ए-हिंदचे पहिले अध्यक्ष मुफ्ती किफायतुल्लाह (1875-1952) यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. फर्जनंतरची दुआ त्यांनी मान्य केली. सुन्नत आणि नफ्ल (ऐच्छिक) नमाजा उरकून सगळ्यांनी पुन्हा थांबायचे आणि इमामासह दुसरी दुआ मागायची, हा जो दुआ-ए-सानीचा नेम काही भागांत होता, त्याला त्यांनी बिदअत ठरवले. म्हणजे देवबंदी मध्यममार्ग: एक चालेल, दोन नको. बरेलवी मशिदींत दोन्हींना आक्षेप नसतो. अहले हदीस मशिदींत इमाम सामुदायिक दुआ करत नाही. पण त्याच पंथाचे थोर भाष्यकार अब्दुर्रहमान मुबारकपुरी (मृत्यू 1935) तिरमिजीवरच्या आपल्या टीकेत म्हणतात की नमाजेनंतर हात उचलून दुआ मागितली तर हरकत नाही. पंथांच्या पाट्या जितक्या ठसठशीत, तितकी त्यांच्या पंडितांची मते ठसठशीत नसतात.

कोकणाची गोष्ट मला सर्वात बोलकी वाटते. शाफई फजरच्या दुसऱ्या रकातीत कुनूत असते: उभ्या-उभ्या, नमाजेच्या आतच, इमाम मोठ्याने दुआ मागतो आणि मागचे हात उचलून आमीन म्हणतात. हनफींकडे हे फजरला नाही. म्हणजे ज्या सामुदायिक आमीनसाठी सलामनंतर इतका खटाटोप चालतो, ती कोकणी मुसलमानाला रोज सकाळी नमाजेतच मिळते. आणि सलामनंतर काय करावे, याबद्दल त्याच्या पंथाच्या संस्थापकाने, इमाम शाफई (मृत्यू 820) यांनी, 'अल-उम्म' मध्ये स्वच्छ लिहिले आहे: इमामाने आणि मागच्यांनी जिक्र हळू आवाजात करावा. इमामाला शिकवायचे असेल तर त्याने मोठ्याने म्हणावे, लोक शिकले असे दिसले की पुन्हा हळू. आखातात कामाला गेलेला तरुण रत्नागिरीला परत येतो आणि सलामनंतर दुआला न थांबता उठतो, तेव्हा वडीलधारे म्हणतात, हे सौदीचे खूळ. त्याला वाटते, हे हिंदुस्थानी खूळ. शाफईंचे ते वाक्य दोघांच्याही घरातले आहे, पण दोघांपैकी कुणीच ते काढत नाही.

माझे मत विचाराल तर शातिबींचे निदान मला बरोबर वाटते आणि शाफईंचा उपाय. पण त्या उपायातली अट अवघड आहे. लोक शिकले हे ठरवायचे कसे? दर शुक्रवारी रांगेत नवा मुलगा येतो. शिकवणे संपत नाही, म्हणून मोठा आवाजही संपत नाही. कदाचित रूढी अशीच झाली असेल, कुणाच्याही वाईट हेतूवाचून. शिवाय शिकवायचे असेल तर समजणाऱ्या भाषेत शिकवायला हवे. सलामनंतर अरबीची अट नाही. तरी कोकणातल्या मशिदीत इमामाची दुआ अरबीत सुरू होते आणि उर्दूत उतरते. पुष्कळदा इमाम उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेला हनफी मौलाना असतो. जमात घरी बोलते ती भाषा या तीन-चार मिनिटांत क्वचितच ऐकू येते. इब्न लुब्ब म्हणत तसे हे शिकवणे आहे, तर विद्यार्थ्यांची भाषा त्यात का नाही, हा प्रश्न मी त्यांना विचारला असता.

आणि एक प्रश्न दोन्ही पक्षांना. इब्न लुब्ब यांना काळजी होती ती मागता न येणाऱ्या सामान्य माणसाची. शातिबी त्या काळजीला उत्तर देतात तेही पुरुषांच्या जमातीपुरतेच. आपल्याकडे बहुतेक बायका नमाज घरी पढतात. त्यांच्यापुढे इमाम नाही, मागे आमीन नाही. सलाम फेरला की त्या चटईवर बसून पदर पसरतात आणि मागतात: मुलाच्या परीक्षेसाठी, नवऱ्याच्या व्हिसासाठी, सासूच्या गुडघ्यासाठी, आपल्या बोलीत, लागेल तितका वेळ. त्यांना हे कोणत्या इमामाने शिकवले, आणि त्यांची दुआ अपुरी ठरवणारा एकही फतवा या सातशे वर्षांच्या चोपड्यांत का नाही, याचा शोध दोन्हीकडच्या पंडितांनी घ्यावा असे मला वाटते.